सहा संगणक आणि एक पुकारा

करुणा पाईकराव यांच्याबद्दल लिहा असं मला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. कॉलेजच्या स्मरणिकेत जुन्या सहकाऱ्यांवर लेख हवेत, आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत काही वर्षं बसलेला माणूस म्हणून माझं नाव निघालं. पण शेजारी बसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. त्यांचे वडील काय करायचे हे मला नीट माहीत नाही. त्यांना गाणं आवडायचं की नाही, हेही माहीत नाही. चहात साखर कमी लागायची आणि राग आला की त्यांचा आवाज बारीक व्हायचा, एवढं मात्र खात्रीनं सांगता येईल. संगणकातलं तर मला अर्धंच कळायचं. पुढच्या मजकुरात चुका निघाल्या तर त्या माझ्या धराव्यात.

हिंगोली जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, त्या सुमारास त्या कॉलेजात आल्या. घड्याळी तासिकेवर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही ते बोलावल्यावरच कळणार. मी भौतिकशास्त्र शिकवायचो. माझ्या प्रयोगशाळेच्या आणि त्यांच्या संगणकांच्या खोलीच्या मध्ये एक दार होतं. ते लागत नसे. त्यामुळे त्या खोलीतलं बोलणं मला बसल्या जागी ऐकू यायचं.

त्या जवळा बाजारजवळच्या एका खेड्यातल्या. शिकवताना शुद्ध बोलायच्या, घाईत असल्या की गावाकडचं बोलणं यायचं. त्यांनी विद्यापीठात एम.फिल.ला नाव घातलं होतं. पुढे असा नियम आला की एम.फिल. झालेल्याला नेट-सेट या पात्रता परीक्षांतून सूट मिळेल. म्हणजे ती पदवी हातात आली की त्यांना कायम जागेसाठी मुलाखत देता येणार होती. आमच्या कॉलेजात तशी एक जागा निघणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि ती त्यांनाच मिळेल असं सगळे धरूनच चालले होते.

त्यांचा विषय असा होता. कयाधू नदीच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी पावसानंतर कुठं सरकतं, किती वर येतं, याचा हिशोब संगणकाकडून करून घ्यायचा. हिशोब मोठा, आणि आमच्याकडे होते सहा जुने संगणक. एकाला तो पेलवत नसे. म्हणून त्यांनी ते सहाही तारांनी जोडले. खोऱ्याच्या नकाशाच्या पट्ट्या पाडल्या आणि प्रत्येकाला एक पट्टी दिली. सगळे एकाच वेळी आपापली पट्टी मोजणार, एकमेकांना निरोप पाठवणार, आणि पहिला संगणक शेवटी सगळं जोडून नकाशा काढणार.

“सहा बैलांचा नांगर म्हणा की,” आमचा शिपाई कोंडीबा म्हणाला.

“बैल एकमेकांना दिसतात कोंडीबामामा. यांना एकमेकांचं काही दिसत नाही. निरोप आला तर कळतं, नाही तर नाही,” पाईकराव बाई म्हणाल्या.

वीज दिवसातून काही तासच असायची. वीज आली की बाई धावत खोलीत जायच्या. माझा व्होल्टेज स्टॅबिलायझर मी त्यांना दिला होता, त्यापलीकडे माझी काही मदत झाली असं वाटत नाही.

एकदा गंमत झाली. परीक्षा विभागाचे बाबूसिंग वेळापत्रक टाइप करायला आले. ऑफिसचा संगणक बिघडला होता. बाई तासावर होत्या. बाबूसिंगांनी सहातला एक बंद केला, पुन्हा सुरू केला आणि टाइप करत बसले. बाई परत आल्या तर बाकीचे पाचही जागच्या जागी थांबलेले.

“बाबूसिंगभाऊ, हे काय केलं?”

“एकच त घेतला मॅडम. पाच हायत की तुम्हाला.”

“पाचही थांबलेत.”

“ते काहून? त्यायला मी हातबी न्हाई लावला.”

“पहिल्यानं सगळ्यांना आकडे द्यायला सुरुवात केली. सहाव्यानं ते घेतल्याशिवाय पहिला पुढं जात नाही, आणि पहिला गेला नाही तर बाकीच्यांना काम नाही.”

दारातून कोंडीबा म्हणाला, “लई इमानदार मशीनी हायत. आपल्या ऑफिसात पाच जण रजेवर गेले तरी सहावा चहा पिऊन राहिला असतो.”

“तू कुणाला बोलून राहिला बे?” बाबूसिंग म्हणाले, पण हसतच उठले.

मी त्या दिवशी बाईंना म्हणालो की हे पंगतीसारखं दिसतं. सगळी ताटं वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. त्यांना ते आवडलं. “बरोबर आहे सर, पंगतच,” त्या म्हणाल्या. पुढे विद्यार्थ्यांनाही त्या तसंच सांगू लागल्या. मला जरा बरं वाटलं होतं, हे खरं.

प्रबंध लिहून झाला. त्यातला नकाशा बाईंनी गावोगावच्या विहिरींच्या मापांशी ताडून पाहिला होता, आणि तो जुळला होता. मे महिन्यात तोंडी परीक्षा ठरली, जूनमध्ये कॉलेजात मुलाखती. सगळं एकामागून एक लागून आलं होतं. मधल्या काळात त्यांच्या मार्गदर्शकांनी विद्यापीठात आलेल्या नव्या संगणकांवर तो प्रोग्रॅम चालवून पाहिला. औंढ्याकडच्या तालुक्यांतल्या पाण्याची सध्याची माहिती काढायला तो एका संस्थेला हवा होता. पाणी जिरवायचे खड्डे कुठं घ्यायचे ते त्यावरून ठरणार होतं. पण विद्यापीठातल्या संगणकांवर उत्तर वेगळं आलं. दुसऱ्यांदा चालवलं तर आणखी वेगळं. कुठं अडलं नाही, चुकीची खूण नाही, नकाशा छान रंगीत निघाला, फक्त एक-दोन पट्ट्यांवर पाणी हिशोबाच्या मागच्या फेरीतलंच राहिलं होतं.

मार्गदर्शक म्हणाले, नव्या यंत्रांचं काही बिनसलं असेल. बाईंना ते पटलं नाही. नांदेडच्या विद्यापीठातून येताना त्यांनी सीडीवर तिथलं नवं पॅकेज आणलं. पॅकेज म्हणजे संगणकांमधले निरोप पोचवण्याचं काम करणारा तयार प्रोग्रॅम. आपल्या कॉलेजात जुनं पॅकेज होतं. बाईंनी नवं पॅकेज आपल्याच सहा संगणकांवर घातलं, तर इथंही पट्ट्या चुकल्या. जुनं घातलं की बरोबर. म्हणजे यंत्रांचा दोष नव्हता.

मग त्यांनी एक युक्ती केली. तिसऱ्या संगणकाला आज्ञा दिली, की निरोप घ्यायच्या आधी थोडा वेळ नुसता झोप. आणि पहिला त्याच्यासाठी थांबतो का ते बघत बसल्या.

कोंडीबा चहा घेऊन आला होता. “मॅडम मशीनीला मुद्दाम झोपवून राहिल्या. अन् आमचा बसल्या जागी डोळा लागला की नोटीस.”

बाई हसल्या नाहीत. पडद्याकडे बघून म्हणाल्या, “सर, इकडं या. ती पंगत नाहीये.”

मी गेलो. जुन्या पॅकेजवर पहिला संगणक तिसऱ्यासाठी थांबत होता. नव्यावर तो खुशाल पुढं गेला.

त्यांनी मला जे समजावलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. दर फेरीत प्रत्येक संगणक आपली पट्टी मोजून एका सामाईक डिस्कवर लिहायचा. मग पहिला संगणक पुढच्या फेरीचे आकडे सगळ्यांना द्यायचा. याला त्या पुकारा म्हणायच्या. पुकारा संपला की पहिला डिस्कवरच्या पट्ट्या वाचून जोडायचा. बाईंनी धरलं होतं की पुकारा संपला म्हणजे तो प्रत्येकानं घेतला, आणि ज्यानं तो घेतला त्याची मागची पट्टी लिहून झालीच असणार.

“जुन्या पॅकेजात पहिला स्वतः एकेकाकडे जाऊन हातात देत होता,” त्या म्हणाल्या. “म्हणून थांबावं लागायचं. नव्यात तो दोघा-तिघांना देतो, ते पुढं देतात. पहिला मोकळा. तिसऱ्याची पट्टी लिहून व्हायच्या आधीच तो जुनी पट्टी उचलतो.”

“मग नवं पॅकेज चुकीचं आहे?”

“नाही ना सर. नियमच तसा आहे, मी काल पुन्हा वाचला. पुकारा करणाऱ्यानं थांबलं तरी चालतं, नाही थांबलं तरी चालतं. पॅकेज करणाऱ्याची मर्जी. आपण दोन्हीवर बरोबर चालेल असं लिहायचं. पुकाऱ्यात भाग सगळ्यांना घ्यावाच लागतो, पण एकमेकांसाठी थांबावंच लागतं असं नाही. बेरीज गोळा करायची असली तर उलटं. गोळा करणारा थांबतो, देणारे देऊन मोकळे. सगळ्यांनी सगळ्यांसाठी थांबायचंच, अशी एक वेगळी आज्ञा असते. ती मी घातलीच नाही.”

“काहून?” माझ्या तोंडून त्यांच्या गावाकडचाच शब्द गेला.

“गरज वाटली नाही. पुकारा म्हटल्यावर होकार आलाच असं डोक्यात होतं.”

हे डोक्यात कुठून आलं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. जवळा बाजारच्या बाजारात मी तुरीची डाळ घ्यायला गेलो होतो. तिथं बाई भेटल्या आणि घरी चला म्हणाल्या. मी नको नको म्हणत गेलो. घरात त्यांची आजी होती, रुक्माबाई. डोळ्यांनी अधू, पण जीभ तिखट.

“तुमी सर का? हिच्या मशीनीला तुमी तरी काही सांगा. पोरगी जेवायची बंद झाली.”

“मला त्यातलं फार कळत नाही आजी.”

“मंग तिथं बसून तुमी काय करता?”

बाईच म्हणाल्या, “आजी, सरांना आबाचा पुकारा सांग.”

आबा म्हणजे रुक्माबाईंचे मालक ग्यानोबा. बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायच्या आधी गावकीची कामं त्यांच्याच समाजाकडे असायची, हे वाचकांना ठाऊक आहे. सरकारी फर्मान असो, वसुली असो, कुणाची मयत असो, ग्यानोबांनी काठी घेऊन दारोदार पुकारायचं.

“वसरीखाली उभं ऱ्हायचं,” रुक्माबाई सांगू लागल्या. “आत जायचं न्हाई. बाहीरून वरडायचं. आतून कुनी ‘ऐकलं’ म्हनलं की फुडच्या दारी. न्हाई म्हनलं तर तसंच उभं, ऊन असो का काय असो. येक डाव येका घरानं सांगितलं, आमाला पुकारलंच न्हाई. चावडीफुडं मारलं ह्यांना. तवापून होकार आनल्याबिगर मानूस घरी यायचा न्हाई. भाकर वाळून जायची.”

“आणि दीक्षेनंतर?” मी विचारलं.

“काठी चावडीत नेऊन ठेवली. म्हनले, घ्या तुमची. मंग गावानं दुसरा ठेवला. त्यो पारावर हलगी वाजवायचा, चार शबूद वरडायचा अन् घरी. ऐकलं त्याचं भलं, न्हाई ऐकलं त्याचंबी भलं.”

बाई हसायला लागल्या. इतकं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. “आजी, हे दुसऱ्याचं मला आधी काहून नाही सांगितलं गं?”

“तू इचारलंस का?”

परत सोडायला बाई स्टँडपर्यंत आल्या. वाटेत म्हणाल्या, “लहानपणापासून मी तेवढंच ऐकलं होतं सर. पुकारा म्हणजे होकार आणणं. आबाला मार बसायचा म्हणून तो थांबायचा. मशीनला कोण मारणार आहे?”

दुरुस्ती फार मोठी नव्हती. आधी त्यांनी भीतीपोटी ती थांबायची आज्ञा जागोजागी घातली. मग प्रोग्रॅम इतका रेंगाळू लागला की हिशोब पुरा व्हायच्या आत वीज जायची. पुढे एकेक काढत त्यांनी ती एकाच ठिकाणी ठेवली, पट्ट्या वाचायच्या बरोबर आधी. आता जुन्या पॅकेजवर, नव्यावर, तिसऱ्याला झोपवून, पाचव्याला झोपवून, उत्तर एकच येत होतं. आणि ते प्रबंधात छापलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळत होतं.

खरी अडचण इथंच होती. छापलेला नकाशा बरोबर होता. चूक होती ती प्रबंधाच्या मागं जोडलेल्या प्रोग्रॅममध्ये. मार्गदर्शकांचा फोन आला तेव्हा मी दाराच्या अलीकडेच होतो. फोन झाल्यावर बाई माझ्याकडे येऊन बसल्या.

“सर म्हणतात, तोंडी परीक्षेत काही बोलू नका. परीक्षक प्रोग्रॅम वाचत नसतात. दाखवायचाच झाला तर आपल्या कॉलेजातल्या जुन्या पॅकेजवर दाखवा. पदवी झाली की सावकाश दुरुस्ती पाठवा.”

“आणि सांगितलं तर?”

“सुधारून पुन्हा सादर करा म्हणतील. म्हणजे दिवाळी उलटणार.”

“मुलाखती जूनमध्ये आहेत,” मी म्हणालो. त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही.

“हो ना.”

“उत्तर तर बरोबर आहे.”

“उत्तर बरोबर आहे सर. प्रोग्रॅम चूक आहे. आपल्या खोलीत सगळे वेळेवर आले म्हणून बरोबर आलं.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाणार. तिथून कुणीही तो उतरवून घेईल, नव्या मशीनवर चालवेल. नकाशा छान येईल. कुणाला शंकासुद्धा येणार नाही, अन् खड्डे कोरड्यात खणतील.”

मी कायम नोकरीतला माणूस, माझ्या तोंडी कोणताही सल्ला शोभला नसता. शेवटी मी विचारलं, “घरी काय म्हणतात?”

“आजी म्हणते, काय करायचं ते कर, पण जेवून कर.”

तोंडी परीक्षेला मी नव्हतो. परत आल्यावर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. परीक्षकांनी काही विचारायच्या आत त्यांनीच चूक सांगितली. परीक्षक चांगले होते, म्हणाले, दुरुस्त करून त्यावर एक प्रकरण लिहा आणि पुन्हा या. निघताना मार्गदर्शक त्यांच्याशी बोलले नाहीत.

जूनमध्ये मुलाखती झाल्या. बाईंना अर्जच करता आला नाही. जागा परभणीकडच्या एका तरुणाला मिळाली. त्याच्याबद्दल वाईट काही सांगण्यासारखं नाही. तो चांगलं शिकवायचा आणि अजून शिकवतो आहे. रुजू झाला त्या दिवशी बाईंनीच त्याला खोली दाखवली, कोणता संगणक रुसतो, कोणत्या बटणाला बोट लावायचं नाही, सगळं सांगितलं. मी पलीकडून ऐकत होतो. कोंडीबा त्या दिवशी त्या खोलीत चहा घेऊन गेलाच नाही. विचारलं तर म्हणाला, “पाय दुखून राहिले.”

हिवाळ्यात बाईंची पदवी झाली. त्या नव्या प्रकरणात त्यांनी लिहिलं होतं की पुकाऱ्यासारख्या समूहाच्या आज्ञा कुठं थांबवतात, कुठं नाही, आणि थांबवतील असं धरून चालू नये. प्रत मला दिली होती. मी ती वाचली, निम्मी कळली. संस्थेनं दुरुस्त प्रोग्रॅम नेला. खड्ड्यांना पाणी लागलं का, ते मला माहीत नाही. मी चौकशी करायला हवी होती, पण कुणाकडे करायची ते कळलं नाही.

ते वर्ष त्यांनी तासिकेवरच पुरं केलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना हैदराबादला एका कंपनीत काम मिळालं. दुसऱ्यांनी लिहिलेले असे प्रोग्रॅम तपासायचं. निरोप समारंभ झाला नाही, कारण तासिकेवरच्यांचा करत नाहीत. त्यांनी शेवटचा पगार घेतला आणि मला न भेटताच गेल्या. मी रजेवर होतो.

पण नंतर एकदा भेट झाली. वारंगा फाट्यावर. मी बहिणीकडे निघालो होतो. एका हॉटेलाच्या पत्र्याखाली बाई उभ्या होत्या, शेजारी मोठी बॅग. त्या नांदेडच्या गाडीची वाट बघत होत्या, तिथून रात्रीची हैदराबाद.

“काम कसं आहे?” मी विचारलं.

“चांगलं आहे सर. वीज जात नाही.”

“अन् आजी?”

“बरी आहे. दारात ऊन लागतंय म्हणून तिला सावलीत खाट टाकून दिली, तर म्हणते मला दारातच बसायचं.”

मला कॉलेजातल्या त्या जागेबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. ती तुम्हालाच मिळायला हवी होती, असं काही. पण तेवढ्यात गाडी आली. त्यांनी बॅग उचलली. मी हात पुढं केला, तर म्हणाल्या, “राहू द्या सर, जड नाही. तुमची गाडी कितीला आहे?”

“येईल आता.”

“भजी खाऊ नका इथली. तेल चांगलं नसतं.”

“नाही खात,” मी म्हणालो. “जागा पकडा तुम्ही, गर्दी आहे.”